घरखर्चाचं अ‍ॅप सोपं करायचं तर वापर-चाचणीचा उपयोग होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात घरखर्च, बचत आणि कर्जफेडीचा हिशोब ठेवणारी अ‍ॅप बनवणारे, ती मराठीत आणणारे आणि बचत गटांना किंवा पतसंस्थेच्या सभासदांना ती शिकवणारे अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. चार-पाच जणांची टीम, एक लॅपटॉप आणि दोन फोन एवढ्यावर ज्यांचं काम चालतं, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

वापर-चाचणी म्हणजे नेमकं काय?

ज्याला ते सॉफ्टवेअर वापरायचं आहे अशा माणसाच्या हातात ते द्यायचं, रोजच्यातलं एखादं काम सांगायचं आणि मदत न करता बघत बसायचं. तो कुठे थांबला, काय मोठ्याने वाचलं, कुठलं बटण दाबून परत आला, हे लिहून घ्यायचं. इंग्रजीत याला यूजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात.

मत विचारणं म्हणजे चाचणी नव्हे. ‘कसं वाटलं अ‍ॅप?’ असं विचारलं, तर आपल्याकडचा माणूस समोरच्याचं मन राखायला ‘छान आहे की’ म्हणणारच. बेरीज बरोबर येते का, अ‍ॅप मध्येच बंद पडतं का, हे तपासणं म्हणजे बग शोधणं. तेही हवंच, पण ते वेगळं काम आहे. बेरीज शंभर टक्के बरोबर असलेल्या अ‍ॅपमध्येही माणूस चुकीचा हिशोब लिहू शकतो.

याने सॉफ्टवेअर खरंच सोपं होतं का?

होतं, पण चाचणी नुसती अडचण दाखवते. अडचण जाते ती दुरुस्तीने. आणि दुरुस्ती बरोबर झाली का, हे पुन्हा तीच चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. ‘चाचणी घेतली, तरी लोकांना जमत नाही’ असं ज्या टीम म्हणतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकच फेरी झालेली असते आणि अहवाल तसाच पडून असतो.

वैयक्तिक हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत इंट्युइट कंपनीने १९८४ साली आपल्या क्विकन या सॉफ्टवेअरसाठी रस्त्यावरून साधी माणसं बोलावली, त्यांना संगणकासमोर बसवलं आणि स्टॉपवॉच लावून वेळ मोजला. प्रत्येक चाचणीनंतर प्रोग्रामर बदल करायला बसत. पुढे याच कंपनीचे लोक ग्राहकाबरोबर त्याच्या घरी जाऊन, तो सॉफ्टवेअर पहिल्यांदा कसं सुरू करतो हे बघत. ते जे विचारत होते तेच आजही विचारायला हवं: हे काम वहीत करण्यापेक्षा इथे लवकर आणि बिनचूक होतं का? वहीत किराण्याचा खर्च टिपायला दहा सेकंद लागतात. अ‍ॅपला चाळीस लागत असतील, तर माणूस वहीकडेच परत जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

लोक हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये नेमके कुठे अडतात?

बटण सापडत नाही, अक्षर बारीक आहे, या अडचणी दिसतात आणि लवकर सुटतातही. खरी अडचण खोल असते. पैशाचं जे चित्र माणसाच्या डोक्यात आहे आणि जे अ‍ॅप बनवणाऱ्याने धरून ठेवलंय, ती दोन चित्रं जुळत नाहीत. खाली दिलेल्या जागा प्रत्येक चाचणीत मुद्दाम तपासा.

पहिली जागा एटीएमची. माणसाने विश्रामबागच्या एटीएममधून ५,००० रुपये काढले आणि त्यातले १,२०० किराण्याला दिले. बँकेचा एसएमएस वाचून अ‍ॅप ५,००० खर्चात टाकतं. माणूस स्वतः १,२०० लिहितो. महिन्याच्या शेवटी खर्च ६,२०० दिसतो. खरा खर्च १,२०० आहे, उरलेले ३,८०० खिशात आहेत. क्रेडिट कार्डाचंही असंच होतं: खरेदी एकदा मोजली जाते आणि कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम पुन्हा खर्चात जाते.

दुसरी, पिग्मी. दुकानदार रोज संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातात ५० किंवा १०० रुपये देतो. पैसे खिशातून गेले म्हणून तो ते खर्चात लिहितो. खरं तर ती बचत आहे, पैसे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलेत. अ‍ॅपमध्ये यासाठी ‘हस्तांतरण’ नावाचं बटण असतं आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण घरात हा शब्द कुणी वापरत नाही. ‘एका खात्यातून दुसऱ्यात’ असं लिहून बघा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.

तिसरी, भिशी. दहा जणींची भिशी, दरमहा प्रत्येकी ५,०००. तिसऱ्या महिन्यात नंबर लागला आणि ५०,००० हातात आले. ते उत्पन्न आहे का? त्यातले १५,००० तिने तीन हप्त्यांत स्वतःच भरलेले आहेत आणि ३५,००० पुढच्या सात महिन्यांत फेडायचे आहेत. भिशीला जागा नसलेलं अ‍ॅप त्या महिन्यात ‘उत्पन्न वाढलं’ असं हिरव्या रंगात दाखवतं. बाईंचा विश्वास तिथेच उडतो.

चौथी जागा आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची आहे: कापून आलेली रक्कम. कारखान्याकडून ऊसबिल येतं ते विकास सोसायटीच्या पीक कर्जाची वसुली वजा होऊन. खात्यात जमा झालेला आकडा उत्पन्न म्हणून लिहिला, की उत्पन्नही कमी दिसतं आणि कर्ज फिटलेलंही दिसत नाही. पगारदाराचंही तसंच. पीएफ आणि व्यवसाय कर कापून पगार जमा होतो. महाराष्ट्रात पूर्ण दराने भरणाऱ्याचा व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, म्हणजे वर्षाला २,५००. त्यामुळे फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी आला, की ‘अ‍ॅप चुकलं’ अशी तक्रार येते. एकाच नोंदीचे दोन-तीन तुकडे करायची सोय असते, पण ती तीन स्क्रीन आत दडलेली असते. ती कुणाला सापडते का, हे बघाच.

पाचवी, ‘महिना’. बहुतेक अ‍ॅपचं बजेट दर महिन्याला सारखं पैसे येतात असं धरून चालतं. दूध घालणाऱ्याचं बिल दहा दिवसांनी येतं. उसाची उचल वर्षातून एक-दोनदा येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यायचे असतात, पण घरातला हिशोब त्यावर बांधता येत नाही, तो पैसे हातात आल्यावरच बांधला जातो. विट्याकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांच्या घरी पैसे परराज्यातून येतात, तेही एका ठरलेल्या तारखेला नाही. अशा माणसाला ‘तुमचं मासिक उत्पन्न भरा’ हा पहिलाच प्रश्न विचारला, तर तो तिथेच थांबतो. थांबला तरी बरं. काही जण अंदाजे आकडा टाकून पुढे जातात आणि मग पुढचं सगळंच खोटं दिसू लागतं.

सहावी, सुरुवातीची शिल्लक. ‘ओपनिंग बॅलन्स’ विचारलं, की लोक खातं उघडताना भरलेली रक्कम टाकतात, अगदी २००५ साली भरलेले ५०० रुपयेसुद्धा. ‘आज या खात्यात किती आहेत?’ असं विचारलं, की अडचण संपते.

अ‍ॅप मराठीत आहे. मग अजून काय तपासायचं?

भाषांतर झालं की काम संपलं, असं समजू नका. मराठीत येताना नवे खड्डे पडतात.

जमा आणि नावे हे शब्द बघा. पासबुकात ‘जमा’ म्हणजे आपल्या खात्यात पैसे आले. हा बँकेच्या बाजूने लिहिलेला शब्द आहे. दुहेरी नोंदीच्या वहीत मात्र बँकेत पैसे आले की आपल्या बाजूने बँक खातं ‘नावे’ पडतं. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एक अर्थ घेतो, बाकी घर दुसरा. म्हणूनच ग्नूकॅश हे मोफत सॉफ्टवेअर मुळात प्रत्येक खात्याच्या प्रकाराला साजेसे साधे मथळे दाखवतं आणि हिशोबशास्त्रातले शब्द हवे असतील तर सेटिंगमधून सुरू करायला सांगतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘पैसे आले’ आणि ‘पैसे गेले’ एवढंच लिहिलं, तर साठीतल्या काकांना आणि कॉलेजच्या मुलीला दोघांनाही कळतं.

आकडे नीट बघा. १२५,००० असं दिसलं, की माणूस अडखळतो, त्याला १,२५,००० हवं असतं. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. महिना अक्षरात लिहा, वादच नको. अंक देवनागरी की इंग्रजी, हे वापरणाऱ्याला निवडू द्या. बऱ्याच फोनवर अंकांचा कीबोर्ड इंग्रजी आकडेच देतो, त्यामुळे १२०० असं देवनागरीत टाकलं तरी आणि इंग्रजीत टाकलं तरी अ‍ॅपने दोन्ही स्वीकारायला हवं. कुठल्या एकावर ‘अवैध रक्कम’ आलं, तर ती तातडीची चूक समजा.

फोनचं अक्षर मोठं करून बघा. चाळिशी लागलेले लोक सेटिंगमध्ये अक्षर वाढवूनच फोन वापरतात. तेव्हा ‘कर्जाची उर्वरित रक्कम’ हे बटणात मावत नाही आणि ‘कर्जाची उर्व…’ एवढंच दिसतं. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली असेल, तर वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो.

आणि शोध. लोक ‘किराणा’ देवनागरीत लिहून ठेवतात आणि शोधताना रोमन अक्षरांत टाइप करतात. शिवाय ‘गोऱ्हे’, ‘सोमवारच्या दुसऱ्या’ यांतला ऱ दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं वाटतात. कीबोर्ड बदलला की कालपर्यंत सापडणारं नाव आज सापडत नाही आणि माणसाला वाटतं, आपली नोंद पुसली गेली. पैशाच्या अ‍ॅपमध्ये ही भीती फार मोठी असते. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची, एवढीच दुरुस्ती आहे.

किती माणसं पुरतात? पाच म्हणतात ते कुठून आलं?

जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या वापर-चाचणीच्या अभ्यासकांनी १९९३ साली मांडलेल्या हिशोबातून. त्यांच्याकडच्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवत होता. त्या दराने पाच माणसं साधारण ८४-८५ टक्के अडचणी दाखवतात.

पण ३१ टक्के हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांच्या चाचणीत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्केच आहे. पंधरा जण घेतले, तर ती ७९ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून आम्ही सुचवतो: एकदम पंधरा घेऊ नका. पाच घ्या, दुरुस्ती करा, नवे पाच घ्या, पुन्हा दुरुस्ती करा, मग शेवटचे पाच. आणि लोकांचे गट खरंच वेगळे असतील, पगारदार, शेतकरी, दुकानदार, तर प्रत्येक गटातून निदान तिघे तरी हवेत. पगारदार पाच घेऊन ‘सगळ्यांना जमलं’ म्हणणं ही आपल्या भागात सर्रास दिसणारी चूक आहे.

माणसं कुठून आणायची आणि कधी बोलवायचं?

पतसंस्थेच्या काउंटरपाशी, बचत गटाच्या बैठकीनंतर, दूध संकलन केंद्रावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये. निवडताना वय आणि शिक्षण विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: फोनवरून पैसे पाठवता का, हिशोब कुठे लिहिता, आणि घरात पैशाचा निर्णय कोण घेतं. तिसऱ्या प्रश्नाने बऱ्याचदा चित्र पालटतं. फोन मुलाच्या नावावर असतो आणि हिशोब आईच्या डोक्यात. मग चाचणीला आईच हवी.

वेळ बघून बोलवा. फेब्रुवारी ते एप्रिल तासगावकडे बेदाण्याचं काम, एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्या दिवसांत शेतकरी येत नाही आणि आला तरी त्याचं लक्ष रानात असतं. मार्चअखेरीला पतसंस्थेची मंडळी मोकळी नसतात. दुकानदाराला दुपारी दोन ते चार गाठा.

मानधन द्या. ३०० ते ५०० रुपये आणि येण्याजाण्याचं भाडं योग्य आहे. पैसे काम सुरू होण्याआधीच हातात ठेवा आणि स्पष्ट सांगा की जमलं नाही तरी हे तुमचेच. शेवटी दिले, तर माणूस ‘बरोबर’ वागायला बघतो.

घरचे किंवा ऑफिसातले लोक चालतील का?

तालमीला चालतील. खऱ्या चाचणीला नाही. त्यांना अ‍ॅप कसं बनलंय हे माहीत असतं, आणि तुम्ही किती रात्री जागलात हेही.

कामं कशी लिहायची?

एका बैठकीत पाच, फार तर सहा कामं. एकूण वेळ ४५ मिनिटं. स्क्रीनवर जो शब्द आहे, तो कामाच्या वाक्यात येऊ देऊ नका. ‘नवीन व्यवहार जोडा’ असं बटण असेल आणि तुम्ही ‘नवीन व्यवहार जोडून दाखवा’ म्हणालात, तर तुम्ही फक्त त्याचं वाचन तपासलंत.

असं लिहा: ‘काल तुम्ही एटीएममधून ५,००० काढले. त्यातले १,२०० किराण्याला गेले. हे अ‍ॅपमध्ये कसं ठेवाल?’ आणि मग शेवटी विचारा: ‘आता हातात किती रोख आहे असं अ‍ॅप सांगतं?’ उत्तर ३,८०० यायला हवं. हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वाईट चूक ती, जिथे माणूस समाधानाने ‘झालं’ म्हणतो आणि आकडा चुकलेला असतो. अडकलेला माणूस निदान मदत मागतो. चुकून पुढे गेलेल्याला सहा महिन्यांनी पासबुकाशी मेळ घालताना कळतं, आणि तोवर चूक नेमकी कुठे झाली हे शोधणं अशक्य होतं.

एक काम मुद्दाम चूक सुधारण्याचं ठेवा: ‘मघाशी १,२०० लिहिले, ते खरं १,०२० होते.’ आणि एक काम शोधण्याचं: ‘गेल्या दिवाळीत कपड्यांना किती गेले?’

ही कामं आधी एकावर आजमावून बघा. त्या पहिल्या बैठकीत निम्मी वाक्यं बदलावी लागतात, म्हणून तिचे निकाल मोजू नका.

त्यांचं खरं बँक खातं वापरायचं का?

नाही. पिन, ओटीपी, खाते क्रमांक यांपैकी काहीही समोर येता कामा नये. एका काल्पनिक घराचा तीन महिन्यांचा हिशोब तयार ठेवा: एक बँक खातं, एक पतसंस्थेचं पिग्मी खातं, रोख, सोनेतारण कर्ज, एक भिशी, साधारण १२० नोंदी. नोंदींची नावं खऱ्यासारखी असू द्या. यूपीआयने आलेल्या नोंदीत दुकानाचं नाव नसतं, मालकाचं व्यक्तिगत नाव असतं. मग ‘हे कोण?’ असा प्रश्न पडतो, आणि नेमकी तीच अडचण तुम्हाला बघायची आहे.

काल्पनिक आकड्यांचा एक तोटा आहे. स्वतःचे पैसे नसले, की माणूस बेफिकीर वागतो. म्हणून बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं त्याच्याच वहीविषयी बोला: कुठे लिहिता, कोणते रकाने करता, कधी लिहायचं राहून जातं. वहीचा फोटो काढू नका, रकान्यांची नावं तेवढी उतरून घ्या. तुमच्या पुढच्या मेनूसाठी शब्द तिथेच मिळतील.

बसायला आणि रेकॉर्डिंगला काय लागतं?

शांत खोली, पंखा, पाणी. माणसाशी बोलणारा एक, टिपणं घेणारा एक. तिसरा कुणी खोलीत नको. मालक किंवा प्रोग्रामर तर नकोच, त्यांना रेकॉर्डिंग दाखवा.

शक्यतो ज्याचा त्याचा फोन वापरा. स्वतःच्या फोनवर बोट सवयीने चालतं. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे ‘शो टॅप्स’ सुरू केलं की बोट कुठे टेकलं ते गोल ठिपक्याने दिसतं. पण हे सेटिंग दुसऱ्याच्या फोनवर बदलू नका, काही बँकांची अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन सुरू असताना चालत नाहीत. तुमच्याच फोनवर चाचणी असेल, तरच ते करा. पैशाच्या अ‍ॅपमध्ये सुरक्षेसाठी स्क्रीनशॉट बंद केलेला असला, तर रेकॉर्डिंग पूर्ण काळं येतं. हे ऐन वेळी कळून बैठक वाया जाते. त्यासाठी चाचणीची वेगळी आवृत्ती बनवा, किंवा टेबलावर स्टँड लावून दुसऱ्या फोनने वरून हातांचं चित्रण करा. चेहरा घेण्याची गरज नाही. लेखी संमती मराठीत, एका पानात घ्या: काय टिपणार, कोण बघणार, कधी पुसणार.

चाचणी घेणाऱ्याने बोलायचं किती?

कमीत कमी. सुरुवातीला एवढं सांगा: ‘काका, ही तुमची परीक्षा नाही, अ‍ॅपची आहे. जमलं नाही तर चूक आमची. करताना मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत राहा.’ मोठ्याने बोलत काम करायची सवय कुणाला नसते, म्हणून आधी भलतंच काहीतरी करून घ्या. फोनमधला गजर सकाळी साडेपाचचा लावायला सांगा आणि लावताना बोलायला सांगा.

मग गप्प बसणं येतं, आणि ते सगळ्यात अवघड आहे. मावशींचं बोट ‘जतन करा’ या बटणावर अधांतरी थांबतं. त्या स्क्रीनकडे बघतात, मग तुमच्याकडे. ‘दाबू का?’ इथे ‘हो’ म्हणालात, की ती अडचण कायमची हरवली. ‘मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?’ एवढंच विचारा. बोट का थांबलं हे त्या स्वतःच सांगतील: ‘जतन म्हणजे बँकेत जातंय की काय असं वाटलं.’ नोंद साठवणं आणि पैसे पाठवणं यांतला फरक बटणावर कुठेच लिहिलेला नाही, हे अशा वेळी कळतं. ‘लिहून ठेवा’ हा शब्द त्यांनीच सुचवला, तर तो वहीत उतरवा.

दोन मिनिटं पूर्ण अडकल्यावर एक इशारा द्या आणि टिपणात तशी खूण करा. माणूस स्वतःला दोष देऊ लागला, ‘आम्हाला नाही बाई यातलं कळत’, तर ते काम तिथेच थांबवून सोप्या कामाकडे वळा. कुणालाही अपमान घेऊन घरी जाऊ देऊ नका.

मोजायचं काय?

काम पूर्ण झालं का, शेवटचा आकडा बरोबर आला का, किती इशारे लागले, किती वेळ लागला. पहिल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. मोठ्याने बोलत केलेल्या कामाचा वेळ फारसा विश्वासार्ह नसतो, फक्त दोन आवृत्त्यांची तुलना करायला वापरा.

समाधानासाठी जॉन ब्रूक यांची १९८६ सालची एसयूएस (सिस्टिम यूजेबिलिटी स्केल) ही दहा विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ यांपैकी एक उत्तर असतं. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५ ने गुणायचं. गुण ० ते १०० येतात, ही टक्केवारी नव्हे, आणि ६८ च्या आसपास सरासरी धरतात. तिची निम्मी विधानं नकारार्थी आहेत. मराठीत ती शब्दशः आणली, की लोक गोंधळून उलटी खूण करतात, म्हणून वाचून दाखवून घ्या.

पाचपैकी पाच जणांना जमलं, तर ‘१०० टक्के यश’ असं लिहू नका. एवढ्या थोड्या माणसांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की सगळ्या वापरणाऱ्यांपैकी निदान ४८ टक्क्यांच्या आसपास लोकांना जमेल. ‘पाचपैकी पाच’ असंच लिहा.

पन्नास अडचणी सापडल्या. आधी कुठली दुरुस्त करायची?

ज्यात आकडा चुकतो आणि माणसाला कळत नाही, ती सगळ्यात आधी, मग ती एकालाच आलेली का असेना. त्यानंतर ज्यात माणूस अडकतो. मग ज्यात वेळ जातो. रंग आणि चिन्हं शेवटी. ‘नक्की ना?’ असं विचारणारी खिडकी हा उपाय समजू नका, तिसऱ्या वेळेला लोक न वाचताच ‘हो’ दाबतात. चूक झाल्यावर एका बोटात मागे घेता आलं पाहिजे.

ऑनलाइन घेतली तर?

पगारदार आणि विद्यार्थ्यांसाठी चालते. नेटवर्क जातं, घरातलं कुणीतरी बाजूने उत्तर सांगतं, आणि हात दिसत नाहीत. पहिली फेरी तरी समोरासमोर घ्या.

वापर-चाचणीतून काय कळत नाही?

माणूस तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅप का सोडतो, हे ४५ मिनिटांत दिसत नाही. त्यासाठी आठ-दहा घरांना चार आठवडे अ‍ॅप द्या, दर रविवारी दहा मिनिटं फोन करा आणि ‘या आठवड्यात कुठला खर्च लिहायचा राहिला?’ एवढंच विचारा.

आणि सोपं म्हणजे हिताचं असंही नाही. दोन बोटांत कर्ज मिळणं ‘सोपं’च असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ प्रकारांची यादी आहे. चाचणीत हेही काम ठेवा: ‘ही सशुल्क योजना बंद करा.’ सुरू करायला जेवढे टप्पे लागले, त्याहून जास्त टप्पे बंद करायला लागत असतील, तर ती दुरुस्ती टाळायला कुठलंही कारण पुरेसं नाही.

बॅकअपची चाचणी वेगळी घ्यायची का?

घ्याच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं. इथल्या माणसाला ‘हिशोब सुरक्षित आहे का’ हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. बहुतेक टीम बॅकअप घेण्याचं बटण तपासतात आणि परत आणणं तपासतच नाहीत. काम असं द्या: ‘तुमचा फोन पाण्यात गेला. हा नवा फोन. जुना हिशोब यात आणा.’ जुनं सिमही हाताशी नाही असं धरूनच सुरुवात करा. लोक बहुधा पासवर्डपाशी अडतात, किंवा बॅकअपची फाइल जुन्याच फोनमध्ये राहिलेली असते. शेवटच्या बॅकअपची तारीख पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवा, ‘शेवटचा बॅकअप: १२ जून’ अशी, आणि तिचा अर्थ काय हे चाचणीत विचारा.

पहिली चाचणी कधी घ्यायची? अजून अ‍ॅप तयारच नाही.

तेव्हाच घ्या. ए-फोर कागदाच्या चौथ्या भागावर एक स्क्रीन, अशा दहा-बारा स्क्रीन पेनाने काढा. माणूस कागदावरचं बटण दाबतो आणि तुम्ही पुढचा कागद समोर ठेवता. एटीएम, पिग्मी आणि भिशी ही तीन कामं कागदावर घ्यायला अर्धा तास लागतो. कागदावर खोडायला कुणाला संकोच वाटत नाही, म्हणून माणसाच्या हातातही एक पेन द्या आणि बटणावरचा शब्द पटला नाही तर त्याला तो खोडून स्वतःचा लिहू द्या.